गादीवरून नाव घ्यायचं नाही

ऑफिसात त्यांना सगळे काकू म्हणत. म्हणजे आम्ही मराठी पोरी म्हणायचो आणि आमचं ऐकून बाकीचेही म्हणायला लागले. पलीकडच्या टेबलावरचा पोलंडचा मुलगा तर तेच त्यांचं नाव समजायचा आणि ईमेलची सुरुवात ‘डिअर काकू’ अशी करायचा. त्यांनी त्याला कधी दुरुस्त केलं नाही. ‘‘राहू दे गं,’’ म्हणायच्या, ‘‘इतक्या प्रेमाने चुकतोय तो.’’

आमचं काम चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. खरंच नव्हतं, बाहेर बोलायचं नाही असा करारच होता. आता मी ती नोकरी सोडली आहे, तरी कामात आलेल्या गावांची नि माणसांची खरी नावं सांगणार नाही. एवढंच सांगते की जगभर लोक व्हिडिओ टाकतात, त्यांतल्या काहींबद्दल तक्रारी येतात, आणि ते ठेवायचे की काढायचे हे कुणीतरी जिवंत माणसाने बघून ठरवावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही. फ्रीमाँटमधल्या एका बसक्या इमारतीत, एका कंत्राटी कंपनीच्या पगारावर. माझ्याकडे हिंदी आणि मराठी. काकूंकडे या दोन्हींशिवाय उर्दू, आणि जर्मनसुद्धा, कारण पुण्यात त्यांनी उभं आयुष्य जर्मन शिकवलं होतं. त्यामुळे युरोपातल्या भडकावू भाषणांचा सगळा ढिगारा त्यांच्याच पदरात पडायचा.

त्यात सगळे असायचे. मौलवी, पाद्री, आपल्याकडून दौऱ्यावर गेलेले महाराज, आणि देवाबिवाचं नाव न घेता नुसता देश-देश करणारे टायवाले. काकूंना त्यांच्यात काही फरक वाटायचा नाही. सगळ्यांना एकच शब्द: बुवा. ‘‘आज सकाळपासून बुवांनी डोकं उठवलंय माझं,’’ असं म्हणत त्या मायक्रोवेव्हपाशी यायच्या आणि डब्यातली आमटी गरम करायच्या. अख्ख्या मजल्यावर हिंगाचा वास सुटायचा. एकाने त्याची तक्रार केली तेव्हा काकूंनी त्याला वाटीभर आमटी दिली. तक्रार मागे गेली.

त्यांची बघायची तऱ्हा वेगळीच होती. आधी आवाज बंद करून नुसतं चित्र बघायच्या. मग चित्र झाकून, डोळे मिटून नुसतं ऐकायच्या, आणि उजव्या हाताची बोटं टेबलावर हलकेच वाजत असायची. मशीन शेजारी इंग्रजी भाषांतर लिहून द्यायचं, त्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, ‘‘काकू, वाचा की, वेळ वाचेल.’’ तर म्हणाल्या, ‘‘लिहिलेलं वाचून बुवा कळत नाही. हॉटेलचं बिल वाचून भाजीची चव कळते का तुला?’’

एकदा त्यांनी मला शेजारी बसवून एक जर्मन भाषण दाखवलं. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. काकू डोळे मिटून सांगत होत्या, ‘‘आत्ता हसवतोय. आता बघ, पाणी पिणार.’’ तो प्याला. ‘‘आता आवाज खाली आणेल, म्हणजे मागच्या रांगेतला माणूससुद्धा पुढे झुकतो.’’ त्याने आणला. ‘‘आता एक साधा प्रश्न विचारेल. आणि प्रश्नानंतर नाव.’’ त्याने प्रश्न विचारला, थांबला, आणि कुणाचं तरी नाव घेतलं. बाप रे, म्हटलं, या बाईला हे कळतं कसं?

कळत होतं, कारण त्यांचे वडील कीर्तनकार. साताऱ्याकडच्या खेड्यांतून ते कीर्तनं करत हिंडायचे आणि परकरातल्या काकू झांजा घेऊन त्यांच्या मागे उभ्या. पूर्वरंगात लोकांना कसं खुलवायचं, उत्तररंगात कुठे श्वास रोखायला लावायचा, पेंगणाऱ्या म्हाताऱ्याला एका हुंकारात कसं जागं करायचं, हे सगळं त्यांनी वडिलांच्या पाठीमागून बघितलेलं. वडिलांचा एक नियम होता. नारदाच्या गादीवर उभं राहिलं की गावातल्या जित्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. ना स्तुतीला, ना निंदेला. कुणी कितीही आग्रह करो, पाटील असो की सरपंच असो. ‘‘का, सांगू?’’ काकू म्हणायच्या. ‘‘गादीवरच्या माणसाच्या लोक पाया पडतात. त्याला उलट उत्तर देता येत नाही. ज्याला कुणी उलट उत्तर देऊ शकत नाही त्याने दुसऱ्याचं नाव घेऊ नये, एवढी साधी गोष्ट आहे.’’

आमच्या कंपनीच्या नियमांत मात्र ही साधी गोष्ट कुठेच बसत नव्हती. शिवी दिली तर काढा, मारा म्हटलं तर काढा, घरचा पत्ता दिला तर काढा. पण दुकानाचं नाव? ते सार्वजनिक. त्यावर कुणी बोट ठेवत नसे. काकू दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये यावरून भांडायच्या आणि दर आठवड्याला हरायच्या. आमची मॅनेजर फार सभ्य बाई होती. ती ‘‘आय हिअर यू, काकू,’’ म्हणाली की समजायचं, ही आता काही ऐकणार नाही. युरोपातल्या एका गावातल्या बुवाने एका न्हाव्याच्या दुकानाचं नाव घेतलं होतं. काकूंनी तो व्हिडिओ काढा म्हणून तीनतीनदा लिहिलं. राहिला तो. पुढे एका सकाळी काकूंनी हातातला फोन माझ्यासमोर धरला. जळालेल्या दुकानाचा फोटो होता. माणूस वाचला होता, पण त्याचे हात गेले होते.

तेव्हापासून त्यांच्या फोनवर त्या गावाचं हवामान असायचं. त्याच्याखाली आणखी एक गाव, त्याच्याखाली आणखी एक. जिथली जिथली केस हरल्या तिथलं तिथलं. सकाळी चहा पिताना त्या ते बघायच्या आणि आम्हाला सांगायच्या, ‘‘तिकडे आज बर्फ आहे,’’ जणू नात्यातलं कुणी तिथे राहतंय. नव्या पोरी हसायच्या. मीसुद्धा आधी हसले होते, नाही असं नाही.

मन फारच विटलं की त्या पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसायच्या, काचा वर करायच्या आणि मोकळ्या गळ्याने गायच्या. सिक्युरिटीवाल्याने एकदा घाबरून काच ठोठावली होती. ‘‘मॅम, आर यू ओके?’’ काकू म्हणाल्या, ‘‘नो. बट आय अ‍ॅम इन ट्यून.’’

आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या मंडळाचा गणेशोत्सव दर वर्षी एका शाळेचं ऑडिटोरियम भाड्याने घेऊन होतो. मी तेव्हा कमिटीत होते. त्या वर्षी अध्यक्षांनी मोठ्या उत्साहाने जाहीर केलं की यंदा भारतातले एक तरुण महाराज येणार, युरोपचा दौरा आटोपून थेट आपल्याकडे. पोस्टरवर छापलं, ‘युरोप गाजवून’. अध्यक्ष पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत डायरेक्टर, माणूस वाईट नाही, पण स्टेज दिसलं की त्यांचं भान सुटतं. मी ही बातमी लंच टाइमला सहज सांगितली, आणि काकूंचा घास हातातच राहिला.

त्या महाराजांची युरोपातली सगळी प्रवचनं वर्षभर काकूंच्याच क्यूमध्ये, म्हणजे तपासायच्या यादीत, आली होती. मला फक्त नाव ऐकून माहीत. त्या दिवशी पार्किंगमध्ये उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं. ‘‘प्रत्येक गावात एक नाव घेतो गं. एकच. एका ठिकाणी देवळाचे पडदे शिवणारा शिंपी. एका ठिकाणी भाजीवाला. आपल्यात मिसळलेला, आपला विश्वास असलेला माणूस निवडतो. शिवी नाही, मारा नाही. नुसतं नाव, दुकान, रस्ता, आणि ‘तुम्हीच विचार करा’. तो शिंपी गाव सोडून गेला.’’

‘‘पण त्याला गावोगावच्या माणसांची नावं कळतात कुठून?’’

‘‘तेच तर मला इतके दिवस कळलं नव्हतं.’’

मला कळलं. आदल्याच मीटिंगमध्ये अध्यक्ष कौतुकाने सांगत होते, ‘‘महाराजांच्या माणसाचा फोन आला होता. स्वतःहून विचारलं हो, तुमच्याकडे जेवण कोण करतं? नाव काय, दुकान कुठे? केवढी आस्था बघा!’’ आणि अध्यक्षांनी सगळी माहिती दिली होती. का नाही देणार? आपल्या मंडळांत आभारप्रदर्शन म्हणजे जवळजवळ धर्मकृत्य. सतरंजी उचलणाऱ्यापासून माइकवाल्यापर्यंत एकाचंही नाव सुटलं तर पुढच्या वर्षी तो फिरकत नाही. महाराज स्वतः स्वयंपाक्याचे आभार मानणार म्हणून अध्यक्ष हरखून गेले होते. या माणसाला दुसरं काही सुचलंच नाही, आणि खरं सांगू, आमच्या कमिटीत कुणालाच सुचलं नसतं.

जेवण करायचे रफीकभाई. मिरजेचे. हा माणूस आणि त्याची बायको वर्षानुवर्षं आमच्या मंडळाला जेवू घालत होती. गणपतीच्या दिवसांत ते आपल्या किचनमध्ये कांदा-लसूणसुद्धा आणायचे नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. त्यांच्या पुरणपोळीसाठी लोक सॅक्रामेंटोहून ड्राइव्ह करून यायचे. निम्म्या लोकांना त्यांचं नाव माहीत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. आरती सुरू झाली की रफीकभाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे, खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन, मान खाली घालून.

काकू मॅनेजरकडे गेल्या. मला त्या माणसाला सावध करू द्या म्हणाल्या. मॅनेजर म्हणाली, ‘‘आय हिअर यू,’’ आणि करारातलं कलम वाचून दाखवलं. इथे जे बघितलं ते बाहेर सांगितलं तर नोकरी जाईल, वर खटला. माझा तर व्हिसाच त्या नोकरीवर. बाहेर येऊन काकूंनी मला बजावलं, ‘‘तू तोंडातून अवाक्षर काढायचं नाहीस. तुझं लेकरू शाळेत आहे.’’ मला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

मग त्यांनी अध्यक्षांना फोन केला. या माणसाला बोलावू नका म्हणाल्या.

‘‘अहो काकू, हॉल फुल झालाय! कारण काय?’’

‘‘कारण सांगता येणार नाही.’’

‘‘असं कसं? काही प्रूफ?’’

‘‘नाही.’’

‘‘मग काकू, प्लीज, सणासुदीला असं निगेटिव्ह नको.’’

रफीकभाईंना म्हणाल्या, या वर्षी तू येऊ नकोस, जेवण पाठवून दे. ते मोकळेपणाने हसले. ‘‘काय तर काकू तुमचं! गरम पोळी पाठवून कशी जमंल? सणाचं जेवण हाय, जातीनं उभं राहायला नको?’’ काकूंच्या जिभेवर सगळं आलं होतं, मला दिसत होतं. पण गिळलं त्यांनी. सांगून तरी काय सांगणार होत्या? की एक माणूस येणार आहे आणि भरल्या हॉलमध्ये तुझं नाव घेणार आहे? रफीकभाई म्हणाले असते, घेऊ द्या की, आभारच मानतील.

प्रवचनाच्या दिवशी आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. काकू कडेच्या खुर्चीवर, मी शेजारी, माझ्या पलीकडे माझा मुलगा. स्टेजच्या एका बाजूला गणपती, समोर आरतीचं ताट तयार. कार्यक्रम ठरलेला: आधी प्रवचन, मग आभारप्रदर्शन, मग आरती, मग जेवण. स्वयंपाकघर स्टेजच्या डाव्या हाताला, तिथून वेलचीचा वास येत होता.

महाराज दिसायला देखणे, भाषा लोण्यासारखी. आधी त्यांनी अमेरिकेतल्या आयांवर विनोद केले, डाळीचं पीठ शोधत तीन दुकानं फिरणाऱ्या नवऱ्यांवर केले. हॉल खदखदून हसला. मी हसले. सगळं माहीत असूनही हसले, इतका तो चांगला बोलत होता. माझा मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘ममा, ही इज सो फनी!’’ काकू डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती.

मग आवाज जरा गंभीर झाला. आपली मुलं, आपले संस्कार, आपलं भोळेपण. लोक शांत झाले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. मी काकूंच्या हातावर हात ठेवला. पेला उचलून महाराज पाणी प्यायले. पेला खाली ठेवला. आवाज इतका खाली आणला की सगळा हॉल एकदम पुढे झुकला.

‘‘एक साधा प्रश्न विचारतो. आज तुमच्या ताटात जो घास पडणार आहे, त्याला हात कुणाचा लागलाय, हे तुम्हाला माहीत आहे का?’’

आणि ते थांबले.

त्या थांबण्यात काकू उठल्या. खाडकन उभ्या राहिल्या आणि टाळी वाजवून गणपतीची आरती सुरू केली.

आवाज काही गोड नव्हता, वयाने चिरकलेला. पण वडिलांच्या मागे उभं राहून माइकशिवाय अख्ख्या गावाला ऐकवायची सवय झालेला. पहिली ओळ त्या एकट्याच म्हणाल्या. हॉलमधलं एकेक डोकं वळलं. अध्यक्ष पहिल्या रांगेतून मान मागे वळवून बघत राहिले, तोंड उघडं. मला वाटलं, संपलं, आता कुणीतरी येऊन यांना खाली बसवणार. मी उठले आणि टाळी वाजवायला लागले. मागून कुठूनतरी एका आजोबांनी सूर धरला. आणि मग जे व्हायचं तेच झालं, आरती सुरू झाली की मराठी माणसाचं बूड खुर्चीला राहत नाही. भराभर खुर्च्या वाजल्या, लोकांनी बूट काढले, पोरं झांजा आणायला स्टेजकडे पळाली, कुणीतरी ताटातलं निरांजन लावलं. अध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि आपण हे का करतोय हे त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. महाराजांचं तोंड नाव घ्यायला उघडलेलं, ते तसंच मिटलं. दुसरं करणार काय? आरती थांबवायची त्यांची तरी काय बिशाद! त्यांनी हात जोडले.

काकूंनी एक संपताच दुसरी उचलली. देवीची, शंकराची, विठ्ठलाची, मग लोकांना नीटशी येतही नव्हती अशी कुठली कुठली. लोक गुणगुणत साथ देत होते. डाव्या हाताच्या दारात रफीकभाई येऊन उभे राहिले, टॉवेल हातात, मान खाली. काकूंनी शेवटी मंत्रपुष्प घेतलं, फुलं वाहिली आणि प्रसाद वाटायला सुरुवात केली. जमलं, म्हटलं. जमलं गं बाई!

पण माइक अजून त्या माणसाच्या हातात होता.

‘‘थांबा,’’ महाराज हसत म्हणाले. ‘‘आशीर्वचन राहिलंय.’’ लोक प्रसादाचे हात तसेच धरून थांबले. ते गर्दीवरून नजर फिरवत होते, आणि ती नजर फिरत फिरत स्वयंपाकघराच्या दारावर येऊन थांबली. रफीकभाई अजून तिथेच होते. आपल्याकडे बघताहेत म्हणून त्यांनी भाबडेपणाने नमस्कारसुद्धा केला.

काकू हातातलं प्रसादाचं पातेलं माझ्याकडे देऊन चालत स्टेजपाशी गेल्या. पायऱ्या चढल्या, आणि महाराजांच्या समोर, त्यांच्या आणि त्या दाराच्या मधोमध उभ्या राहिल्या.

‘‘मी मुद्दामच मध्ये उठले,’’ त्या म्हणाल्या. माइक जवळ होता, हॉलभर ऐकू गेलं. ‘‘तुमचं बोलणं मला पुढे ऐकायचं नव्हतं. म्हणून आरती घेतली.’’

महाराजांचं हसू थोडं आखडलं, पण ते मुरलेले होते. ‘‘अरे वा. नाव काय आपलं, ताई?’’

त्या नाव विचारण्याचा अर्थ त्या हॉलमध्ये दोघांनाच पक्का ठाऊक होता, त्यांना आणि काकूंना. तिसरी मी. काकूंनी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गाव. वर म्हणाल्या, ‘‘इथेच फ्रीमाँटला राहते. घर सगळ्यांना माहीत आहे.’’

महाराजांनी ते नाव घेतलं. सावकाश, पूर्ण, दोन वेळा. म्हणाले, बाहेरचा शत्रू परवडला, घरातला ओळखून ठेवा. या ताईंचं नाव लक्षात ठेवा आणि तुम्हीच विचार करा. टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी वाजवल्या नाहीत, पण वाजल्या. मी वळून बघितलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत असे लोक दिसले, ज्यांची मुलं दर रविवारी काकूंकडे मराठी शिकायला जायची. माझ्या मुलाने विचारलं, ‘‘ममा, व्हाय आर दे क्लॅपिंग?’’ मी त्याच्यावर उगाच खेकसले.

लोक मग जेवले. पोळ्या उत्तम झाल्या होत्या.

व्हिडिओ चढला आणि फिरत फिरत आमच्याच क्यूमध्ये आला. मी त्यातल्या बाईंना ओळखते म्हणून नियमाप्रमाणे तो माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे दिला. मी मीटिंगमध्ये काकूंसारखीच भांडले, टेबलावर हात आपटून भांडले. उत्तर आलं: नाव त्या व्यक्तीने स्वतःच माइकवर सांगितलेलं आहे, सबब उल्लंघन नाही. जळो तो नियम आणि जळो ती ‘आय हिअर यू’! व्हिडिओ राहिला. काकूंचं कंत्राट मात्र पुढे वाढवलं नाही. कारण कुणी दिलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही.

मग जे होतं ते झालं. अनोळखी नंबरांवरून फोन. रविवारच्या वर्गाला एकेक मूल येईनासं झालं, आयांचे मेसेज, ‘काकू, सॉकर आहे’. काकूंच्या गॅरेजच्या दारावर लाल रंग. एक दिवस चार-पाच तरुण टाउनहाउससमोर येऊन उभे राहिले, चांगले शिकलेले, गळ्यात ऑफिसचे बिल्ले अडकवलेले, आणि काही न बोलता तासभर नुसते उभे राहिले. काकूंनी पोलिसांना फोन केला. पोलीस म्हणाले, फुटपाथवर उभं राहणं गुन्हा नाही. मी रोज ऑफिसातून सुटल्यावर त्यांच्याकडे जायला लागले. त्या घाबरल्या होत्या. शूर माणसं घाबरत नाहीत असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा. दाराची बेल वाजली की त्यांच्या हातातला चमचा खाली पडायचा.

एका संध्याकाळी अशीच बेल वाजली. मी उघडलं तर रफीकभाई आणि त्यांची बायको, हातात जेवणाचा डबा. काकूंना आवडते म्हणून वांग्याची भाजी, भाकरी. दोघं बसली. रफीकभाईंनी गॅरेजचं दार बघितलं होतं, त्यांना राहवत नव्हतं.

‘‘काकू, एक सांगू का? रागावू नका. तुम्ही वयानं मोठ्या.’’

‘‘सांग की.’’

‘‘असल्या माणसाच्या तोंडी लागायचंच नाही. आमचं बघा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. खाली मान घालून आपलं काम. म्हणून तर इतकी वर्षं आमच्या वाटेला कुणी गेलं नाही. तुम्ही कशाला मधीच उठला? अन् आरती तरी अशी येळंआधी घेत्यात का? माझ्या पोळ्या तव्यावर हुत्या.’’

‘‘रफीकभाई, तुम्हाला काही माहीत तरी—’’ माझा आवाज चढलाच. काकूंनी टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी कळवळून गप्प बसले.

‘‘हो रे बाबा,’’ काकू त्यांना म्हणाल्या. ‘‘चुकलंच माझं.’’

‘‘पुढच्या वर्षी जपून ऱ्हावा,’’ ते म्हणाले. त्यांच्या बायकोने काकूंचा हात हातात घेतला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि दोघं गेली.

दार लागलं आणि मी फुटले. ‘‘काकू, आता तुम्हाला कसला करार? नोकरी गेली, सगळं गेलं. तो माणूस तुमच्या घरात बसून तुम्हालाच शहाणपण शिकवून गेला! निदान त्याला तरी कळू दे ना, कुणासाठी केलंत ते!’’

काकू डबा उघडून भाजी पातेल्यात काढत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘कळलं की तो आरतीला त्या दारात पुन्हा उभा राहील का? हॉलमधल्या एकेकाचं तोंड बघत बसेल, यांतल्या कुणी टाळ्या वाजवल्या असत्या म्हणून. मग त्या बुवाने जे करायचं होतं, तेच मी केल्यासारखं झालं ना गं?’’